शालेय प्रदर्शनासाठी साधी, कमी खर्चाची वस्तू: मुलीला स्वतःची कल्पना सुचावी म्हणून पालकांनी काय करावे?

प्रश्न – लालबागची आई

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा एक वेगळा विभाग ठेवला आहे आणि त्यात प्रत्येक मुलाने घरातील किंवा आसपासची एखादी अडचण दूर करणारी वस्तू स्वतः तयार करून मांडायची आहे. वस्तू साधी असावी, तिचा खर्च दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये आणि ती प्रत्यक्ष चालवून दाखवता यावी, अशा तीनच अटी बाईंनी घातल्या आहेत. मला या अटी मनापासून आवडल्या. प्रदर्शनांत दरवर्षी दिसणारे ज्वालामुखी, सिरिंजवर चालणारे जेसीबी आणि पुठ्ठ्याची आदर्श गावे बहुतेक वेळा दुकानातून आणलेली किंवा पालकांनी रात्री जागून केलेली असतात, आणि मुलाला त्यांतले फारसे सांगता येत नाही.

मात्र मुलीला काहीच सुचत नाही. "सगळं तर आधीच शोधून झालंय, मग मी नवीन काय करणार?" असे ती विचारते आणि तिला पटेल असे उत्तर माझ्याकडे नाही. इंटरनेटवर शोधले की सेन्सर, मोटर आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारे छोटे सर्किट बोर्ड) लावलेल्या वस्तू समोर येतात. त्या आमच्या खर्चात बसत नाहीत आणि त्या कशा चालतात हे मला किंवा तिला समजतही नाही. मी वाणिज्य शाखेची आहे, तिच्या वडिलांची पाळी बदलती असते आणि घरी सासूबाई असतात. कल्पना कोठून शोधावी, आम्ही कितपत मदत करावी आणि ती वस्तू किती नवीन असावी लागते, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. प्रदर्शनाला अजून महिनाभर अवकाश आहे.

प्रतिसाद – निवृत्त विज्ञान शिक्षक, दादर

ताई, आपल्या मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. तिला लुई ब्रेलची हकिकत सांगा. लहानपणी वडिलांच्या कातडीकामाच्या जागेत आरी लागून त्याच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत तो शिकत असताना शार्ल बार्बिये यांनी तयार केलेली उठावाच्या टिंबांची एक लिपी तेथे आली. म्हणजे टिंबांनी वाचण्याची कल्पना ब्रेलची नव्हती. पण त्या लिपीतल्या एका खुणेला बारा टिंबांपर्यंत जागा लागत असे आणि ती एका बोटाच्या टोकाखाली मावत नसे. स्वतः रोज वाचणाऱ्या मुलाला ही अडचण जेवढी जाणवली, तेवढी ती तयार करणाऱ्याला जाणवली नव्हती. ब्रेलने बाराची सहा टिंबे केली आणि १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, आपली लिपी बहुतांशी सिद्ध केली. जे आधीपासून आहे ते नेमके कोणाला आणि कोठे अपुरे पडते, एवढे जरी मुलीने पाहिले तरी तिला काम सापडेल.

आता कल्पना कोठून शोधावी याविषयी. कृपया कल्पना शोधूच नका. मुलीला एक वही द्या आणि आठवडाभर घरात, जिन्यात, गॅलरीत, शाळेच्या वाटेवर लोकांची जी खोळंबणारी कामे दिसतील ती लिहायला सांगा. प्रत्येक नोंदीत अडचण कोणाची, ती केव्हा येते आणि ती व्यक्ती सध्या त्यावर काय करते, हे यायला हवे. माझ्या अनुभवाने यांतला तिसरा भाग सर्वांत मोलाचा ठरतो. हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी घातलेला कागद, उंच वलणीवर कपडा सरकवण्यासाठी ठेवलेली काठी, सतत घसरणाऱ्या झाकणावर ठेवलेला वरवंटा, असे तात्पुरते उपाय जेथे दिसतात तेथे अडचण खरी आहे आणि तिच्यासाठी माणूस रोज काही कष्ट घेत आहे, हे आपोआप सिद्ध होते. नुसते "शोध लाव" म्हटले तर मूल आभाळाकडे पाहत बसते. "आजी हे असे का करते?" असे विचारले तर ते आजीकडे पाहू लागते.

केरळमधील रेम्या जोस या मुलीने शाळेत असताना पेडलवर चालणारे कपडे धुण्याचे यंत्र तयार केले. घरात आजारपण होते आणि कपडे धुण्याचे काम तिच्याकडे आले होते. सायकलचे पेडल आणि साखळी कोणाला ठाऊक नसते? अडचण तिच्या अंगावर आली होती, म्हणून त्या दोन ओळखीच्या वस्तू तिने एकत्र आणल्या. सामान्य लोकांच्या शोधांना पाठबळ देणाऱ्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने पुढे तिच्या कामाची दखल घेतली.

मदतीबद्दल माझे मत थोडे कडक आहे. पात्याने कापणे, तापलेल्या खिळ्याने छिद्र पाडणे आणि ग्लू गन हाताळणे ही कामे मोठ्यांनी करावीत. बाकी सर्व मुलीने करावे, मग ते वाकडे झाले तरी चालेल. वाकडे का झाले, हे तिने वहीत लिहावे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तिला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात घेऊन जा आणि तरफा, कप्प्या व इतर साधी यंत्रे निवांतपणे हाताळू द्या. एकदा हाताने दाबून पाहिलेली तरफ पुस्तकातल्या आकृतीपेक्षा खूप लवकर कामाला येते.

प्रतिसाद – कुंड्यांची आवड, मुलुंड

सरांच्या वहीला एक छोटी जोड देते. आमच्या मजल्यावरील बहुतेक कुटुंबे मे महिन्यात आणि गणपतीला गावी जातात आणि परत येईपर्यंत कुंड्या वाळून जातात. माझ्या भाचीने जुन्या सुती साडीच्या वाती वळून त्यांचे एक टोक पाण्याच्या बाटलीत आणि दुसरे कुंडीच्या मातीत खोल पुरले. सुताच्या धाग्यांमधल्या सूक्ष्म जागांतून पाणी आपसूक पुढे सरकते आणि माती जसजशी सुकते तसतसे ते ओढले जाते. वात जाड असावी की बारीक, बाटली कुंडीपेक्षा उंच ठेवावी की खाली, सुती कापडाऐवजी टेरिकॉट घेतले तर काय होते, हे सर्व तिने निरनिराळ्या कुंड्यांवर तपासले. खर्च जवळपास शून्य होता. युक्ती जुनीच आहे, परंतु आपल्या घरातील तुळशीला नेमकी कोणती वात चालते हे तिच्याआधी कोणी मोजले नव्हते आणि परीक्षकांनी तिला त्याबद्दलच सर्वाधिक प्रश्न विचारले.

प्रतिसाद – यंत्र अभियंता, भांडुप

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मी एका वेगळ्या धोक्याकडे लक्ष वेधू इच्छितो. इंटरनेटवर नावाजलेल्या अनेक स्वस्त युक्त्या जेथे जन्मल्या तेथे छान चालतात, पण मुंबईत आणल्यावर त्यांचे काय होते हे पाहणे आवश्यक असते.

उदाहरणार्थ, गुजरातमधील वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती यांनी विजेशिवाय चालणारा मातीचा फ्रीज तयार केला आणि त्याची योग्य ती प्रशंसा झाली. मातीतून पाझरणारे पाणी बाष्प होताना आतली उष्णता घेऊन जाते, हे त्याचे तत्त्व आहे. मुले त्याच तत्त्वावर एकात एक दोन मडकी ठेवून, मधल्या जागेत ओली वाळू भरून भाज्या ठेवण्याचा नमुना करतात. नागपूरच्या मे महिन्यातील कोरड्या हवेत तो सुरेख चालतो. जुलैतल्या मुंबईत मात्र हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे बाष्पीभवन मंदावते आणि आतले तापमान फारसे उतरत नाही. एखाद्या मुलीने हाच नमुना करून, कोरड्या आणि दमट दिवशी थर्मामीटरने मोजून "आमच्या गावात हा पावसाळ्यात चालत नाही" असे आकड्यांसह दाखवले, तर मी परीक्षक म्हणून तिला मनापासून गुण देईन. पण न मोजता तो उपाय म्हणून मांडू नये.

बाटलीच्या दिव्याचेही तसेच आहे. ब्राझीलमधील उबेराबाच्या अल्फ्रेडो मोझर या मेकॅनिकने २००२ च्या सुमारास दोन लिटरची पाण्याची बाटली छपरात बसवून अंधाऱ्या खोलीत दिवसा उजेड आणला. पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून त्यात थोडे ब्लीच घातलेले असते आणि कडक उन्हात तिचा उजेड ४० ते ६० वॅटच्या बल्बइतका भासतो. ज्या घरावर थेट पत्रा आणि पत्र्यावर ऊन आहे, तेथे हा उपाय अप्रतिम आहे. तीन मजली चाळीच्या तळमजल्यावर तो लागू पडणार नाही.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेला जोडावे लागेल असे काहीही या वयात करू देऊ नका. वीज हवीच असेल तर पेन्सिल सेल किंवा ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुरे आहे. किरकोळ भाग मुंबईच्या लोहार चाळ किंवा लॅमिंग्टन रोडच्या बाजारात मिळतात, पण त्याआधी घरातील रद्दी आणि कोपऱ्यावरचे पंक्चरचे दुकान पाहावे. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बहुतेक दुकानदार मुलांना तसेच देतात आणि सांधे बांधण्यासाठी त्यांच्याइतकी सोयीची वस्तू क्वचितच असेल. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाड्या एवढ्यावर भूमितीचे कितीतरी आकार उभे करून दाखवले आहेत.

प्रतिसाद – दोन मुलांचा बाबा, परळ

सर्वांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. या सर्व चर्चेत शाळेतील वस्तुस्थिती बाजूला राहते आहे. प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक प्रत्येक टेबलाजवळ जेमतेम दोन-तीन मिनिटे थांबतात आणि दिवे लागणारा, रंगवलेला नमुना पुढे जातो. माझ्या थोरल्या मुलाने प्रामाणिकपणे केलेली वस्तू कोपऱ्यात राहिली आणि बाजारातून आणलेल्या नमुन्याला बक्षीस मिळाले. त्याला त्याचे फार वाईट वाटले. सहावीच्या मुलीला एवढ्या कष्टांना लावताना तिची निराशा होऊ नये याचाही विचार पालकांनी करावा.

प्रतिसाद – निवृत्त विज्ञान शिक्षक, दादर

आपले दुःख मी समजू शकतो आणि परीक्षकांच्या बाजूने अशी चूक होते हे मान्यही करतो. मीही अनेक वर्षे परीक्षणाला बसत आलो आहे. म्हणून एक उपाय सुचवतो, जो मुलीच्या हातात आहे. परीक्षक टेबलाजवळ आल्यावर तिने तत्त्वापासून सुरुवात करू नये. अडचण कोणाची आहे हे एका वाक्यात सांगावे, लगेच वस्तू चालवून दाखवावी आणि वहीचे ते पान उघडून ठेवावे, ज्यावर न चाललेल्या पहिल्या रचनेचे चित्र आहे. बाजारातला नमुना आणणाऱ्या मुलाकडे ते पान नसते. चांगला परीक्षक तेथे थांबतोच. बक्षिसाची हमी मात्र कोणीच देऊ शकत नाही आणि मुलीला ते आधीच मोकळेपणाने सांगितलेले बरे.

पुढचा प्रश्न – लालबागची आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वहीचा उपाय आम्ही केला. सुरुवातीच्या नोंदी दप्तर जड आहे, छत्री गळते अशा सर्वसाधारण होत्या, पण हळूहळू ती बारकाईने पाहू लागली. तिने शेवटी निवडलेली नोंद मी तिच्याच शब्दांत देते: "पहाटे नळाला पाणी येते तेव्हा आजी मोरीत पिंपाजवळ उभी राहते. ती चहा ठेवायला गेली तर पिंप भरून वाहते. म्हणून ती हलत नाही आणि तिचे गुडघे दुखतात."

हे मी रोज पाहते, तरी याकडे अडचण म्हणून कधी पाहिले नव्हते. पिंप भरत आले की आवाज होईल असे काहीतरी करावे, अशी मुलीची इच्छा आहे. तिने रिकाम्या बाटलीवर मोडलेल्या मॉपचा पोकळ दांडा उभा बसवला. पाणी चढले की बाटली वर येईल, दांडा वर ठेवलेला पुठ्ठ्याचा पन्हळ उचलेल आणि पन्हळातल्या गोट्या स्टीलच्या ताटात पडतील, अशी तिची कल्पना होती. गोट्या पडतात तेव्हा आवाज भरपूर होतो. पण बाटली पाण्यात आडवी होते आणि दांडा कलतो. येथे ती अडली आहे. तिला उत्तर न सांगता पुढे कसे न्यावे?

प्रतिसाद – इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी, माटुंगा

ताई, नोंद वाचून फार आनंद झाला. यासाठी बझरचा पर्यायही आहे, तो माहितीसाठी देते. ९ व्होल्टची बॅटरी, छोटा बझर, बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि पिंपाच्या कडेला सोडलेल्या दोन तारा एवढ्यावर पाण्याचा इशारा देणारे विद्युत मंडल (सर्किट) तयार होते. नळाच्या पाण्यातून अगदी थोडा विद्युतप्रवाह वाहतो. बझर वाजायला तो पुरत नाही, म्हणून त्या थोड्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर बॅटरीचा मोठा प्रवाह सोडणारा ट्रान्झिस्टर लागतो. हे सारे शंभर रुपयांच्या आसपास बसते. मात्र तारा सतत पाण्यात राहिल्या तर बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली तांब्याची तार हळूहळू झिजते, आणि ते पाणी वापराचे असल्याने मला ते योग्य वाटत नाही. शिवाय ट्रान्झिस्टर काय करतो हे सहावीतल्या मुलीला स्वतःच्या शब्दांत सांगणे कठीण जाईल. माझे मत गोट्यांच्या बाजूने आहे.

प्रतिसाद – यंत्र अभियंता, भांडुप

माझेही मत गोट्यांच्या बाजूनेच आहे. बॅटरी नाही, तार नाही आणि प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो.

बाटली आडवी का होते, हे तिला बादलीत पाहू द्या. रिकाम्या बाटलीवर दांडा उभा केला की सगळे वजन वरच्या बाजूला जाते, आणि असे तरंगणारे काहीही उलटते. बाटलीत तळाशी थोडी वाळू घातली तर ती उभी राहते. वाळू किती, हे तिला चमच्या-चमच्याने शोधू द्या. मग तिला एकच प्रश्न विचारा: बाटलीने काही ढकलण्याऐवजी ती कशाला तरी टांगलेली असेल तर पाणी लागल्यावर काय होईल? एवढे विचारून थांबा. तिने हाताने दोरी धरून, वाळूची बाटली बादलीत सोडून पाहिली की तिच्या बोटांना उत्तर कळेल.

आपल्या स्वतःच्या माहितीसाठी पुढचे सांगून ठेवतो. एक फुटाची लाकडी पट्टी मधोमध खिळ्यावर तराजूसारखी बसवायची. एका टोकाला दोरीने वाळूची बाटली टांगायची आणि दुसऱ्या अर्ध्या भागावर गोट्यांचा पन्हळ बसवायचा, ज्याचे बाहेरचे तोंड उघडे असेल. बाटली हवेत लोंबते आहे तोवर तिचे वजन पट्टीला त्या बाजूला झुकवून ठेवते आणि गोट्या मध्याकडे जमून राहतात. पाणी बाटलीला लागले की पाणी तिचा भार उचलू लागते, दोरीवरचा ताण कमी होतो आणि पट्टी दुसऱ्या बाजूला झुकून गोट्या ताटात घरंगळतात. आर्किमिडीजचे तत्त्व शिकवायला मला यापेक्षा सुंदर साधन सुचत नाही.

यात एक मेख आहे आणि ती तिला स्वतःहून सापडली तर बरे. गोट्या खिळ्याजवळ जमलेल्या असतात, त्यामुळे त्यांचे वजन असूनही पट्टी झुकवायला त्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही. बाटली तरंगू लागली तरी पट्टी हलत नाही असे दिसले की सी-सॉवर मधोमध बसलेल्या मुलाचे काय होते हे तिला आठवून द्या. पन्हळाच्या टोकाखाली एखादा लोखंडी नट बांधला की काम होते. पट्टी फार कलंडून गोट्या मागच्या मागे सांडू नयेत म्हणून खाली एक अडसरही लागेल. बाटली नळाच्या धारेपासून दूर टांगावी. ती बाहेरून स्वच्छ धुतलेली आणि बूच घट्ट लावलेली असावी, आणि ताट अशा जागी ठेवावे की एकही गोटी पिंपात पडणार नाही.

पुढचा प्रश्न – लालबागची आई

तिला टांगण्याची युक्ती बादलीतल्या प्रयोगातून स्वतःच सुचली, आणि नटाऐवजी तिने टोकाला जुन्या कुलपाच्या दोन किल्ल्या बांधल्या. आता ताट वाजते. सासूबाईंनी ते ऐकून नातीला जवळ घेतले. मात्र एक शंका राहिली आहे. आवाज झाल्यावर सासूबाईंना स्वयंपाकाच्या ओट्यापासून मोरीपर्यंत येऊन नळ बंद करायला वेळ लागतो. बाटली पिंपाच्या काठापासून किती खाली असावी, हे कसे ठरवायचे?

प्रतिसाद – यंत्र अभियंता, भांडुप

हे अंदाजाने ठरवू नका, कारण या प्रयोगातला सर्वांत चांगला भाग येथेच आहे. दहा लिटरची बादली त्याच नळाखाली लावून ती किती वेळात भरते हे मुलीला घड्याळावर मोजू द्या. समजा ती एका मिनिटात भरली. २०० लिटरच्या गोल पिंपाचा आतला व्यास साधारण ५७ सेंटिमीटर असतो, म्हणजे तळाचे क्षेत्रफळ सुमारे २,५५० चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर चढायला अडीच लिटर पाणी लागते आणि मिनिटाला दहा लिटरच्या वेगाने पातळी चार सेंटिमीटर चढते. आजींना दोन मिनिटे हवी असतील, तर ताट वाजेल तेव्हा पाणी काठापासून किमान आठ सेंटिमीटर खाली असले पाहिजे. वर्तुळाचे क्षेत्रफळ तिने अजून शिकले नसेल तर तेही नको. रिकाम्या पिंपात मोजून बादल्या ओताव्यात आणि दर बादलीमागे पाणी किती चढले ते पट्टीने पाहावे. उत्तर तेच येईल.

आता बाटलीची जागा ठरवू. अर्ध्या लिटरच्या बाटलीचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास असतो. वाळूसह तिचे वजन दीडशे ग्रॅम असेल आणि समोरच्या टोकाचा भार साठ ग्रॅम असेल, तर पाण्याने नव्वद ग्रॅमचा भार उचलताच पट्टी फिरू लागते. त्यासाठी बाटलीचा तळ सुमारे तीन सेंटिमीटर बुडावा लागतो. म्हणून बाटलीचा तळ काठापासून अकरा सेंटिमीटर खाली टांगावा. किल्ल्यांचे वजन वेगळे असेल तर हा आकडा बदलेल. किराणा दुकानदाराच्या वजनकाट्यावर बाटली आणि किल्ल्या तोलून घ्याव्यात, कोणीही नाही म्हणणार नाही. नळाचा दाब रोज सारखा नसतो आणि पाणीकपातीच्या दिवसांत तो उतरतो, तेव्हा ज्या दिवशी धार सर्वांत जोरात असते त्या दिवसाचा आकडा धरावा. धार मंद असेल तर आजींना जास्त वेळ मिळेल, त्यात नुकसान काही नाही.

प्रतिसाद – दोन मुलांचा बाबा, परळ

मघाशी मी शंका घेतली होती, पण हे वाचून धाकट्याला वही आणून दिली आहे. एक सूचना करतो. आजींना ऐकू कमी येत असेल किंवा कुकरची शिट्टी चालू असेल, तर ताटाचा आवाज पोहोचतो का हे ओट्याजवळ उभे राहून तपासावे. ताट थेट लादीवर ठेवण्याऐवजी उलट्या पातेल्यावर किंवा दोन दोऱ्यांवर टांगून ठेवले तर ते जास्त वेळ घुमते.

प्रतिसाद – निवृत्त विज्ञान शिक्षक, दादर

ताई, मांडणीविषयी थोडे सांगतो. प्रदर्शनात पिंप नेता येणार नाही, म्हणून मोठी पारदर्शक बरणी किंवा बादली आणि पाणी ओतायला तांब्या न्यावा. बाटली पाण्यात शिरताना परीक्षकांना दिसली तर फार स्पष्टीकरण लागत नाही. पट्टीची उंची घरच्यासारखीच ठेवण्याची गरज नाही, पण घरातल्या पिंपावर केलेली मोजमापे तक्त्यात लिहून शेजारी लावावीत. नळाचा वेग, आजींना लागणारा वेळ आणि बाटलीची खोली, एवढे तीन आकडे पुरेत. कोणी काय मदत केली, म्हणजे छिद्रे आईने पाडली, तरफेचा प्रश्न एका काकांनी विचारला, हेही तिने तक्त्याखाली लिहावे. त्याने तिचे श्रेय कमी होत नाही.

प्रदर्शन झाल्यावर वर्गशिक्षिकांशी इन्स्पायर-मानक योजनेबद्दल अवश्य बोला. केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ती चालवतात. मुलांच्या कल्पना शाळेमार्फत ऑनलाइन पाठवायच्या असतात आणि निवड झालेल्या मुलाला नमुना करण्यासाठी १०,००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. अर्जात वहीतली मूळ नोंद जशीच्या तशी घालावी. मात्र तेथे पाठवण्याआधी चाळीतल्या आणखी दोन-तीन घरी ही वस्तू लावून पाहावी, कारण प्रत्येकाचे पिंप, मोरी आणि नळाची जागा निराळी असते आणि पट्टी कोठे बसवायची हा प्रश्न तिला प्रत्येक घरी नव्याने सोडवावा लागेल.

टेबलावर पाणी सांडणारच, तेव्हा जुने टॉवेल, एक सुकी बादली आणि वाळू भरलेली एक जास्तीची बाटली सोबत ठेवा. घरंगळून हरवतात म्हणून गोट्याही थोड्या अधिक घ्या, आणि टेबल विजेच्या बोर्डापासून दूर मिळावे अशी बाईंना आदल्या दिवशीच विनंती करा.